पहिलटकरणीचा रक्तदाब आणि पोटातले बाळ

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आहे. सातव्या महिन्यात ओटी भरली जाते, डोहाळजेवण होते आणि लेक माहेरी येते. पद्धत वाईट नाही. सासरी नवखी असलेली मुलगी आईजवळ मोकळेपणाने बोलते, हवे ते मागून खाते, थोडा आराम करते. मात्र येताना एक वस्तू बहुतेक वेळा सासरच्या कपाटातच राहते, ती म्हणजे तपासणीचे कार्ड. माहेरच्या गावातल्या डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना तिचा तिसऱ्या-चौथ्या महिन्यातला रक्तदाब किती होता, लघवीत काही दोष होता का, वजन किती वाढले, यातले काहीच कळत नाही. मुलीला विचारले तर ती सांगते, "सगळं नॉर्मल आहे म्हणाले."

आज ज्या आजाराबद्दल लिहायचे आहे, तो पहिलटकरणींना अधिक होतो आणि बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत डोके वर काढतो. म्हणजे लेक गाव आणि दवाखाना बदलते नेमके त्याच दिवसांत. म्हणून हा विषय डॉक्टरांइतकाच घरच्या मंडळींचाही आहे.

या आजाराला 'प्रीएक्लॅम्पसिया' म्हणतात. जुने डॉक्टर त्याला 'टॉक्सिमिया' म्हणत, कारण गरोदर स्त्रीच्या रक्तात काही विष तयार होत असावे अशी समजूत होती. तसे एखादे विष काही सापडले नाही आणि ते नाव मागे पडले. गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाणे, किंवा मूत्रपिंड, यकृत, रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) यांवर परिणाम दिसणे, असे याचे स्वरूप असते. काही स्त्रियांत नुसताच रक्तदाब वाढतो, बाकी काही नसते. पण त्यांतल्या काहींना पुढे हा आजार होतो, म्हणून त्यांच्यावरही लक्ष ठेवावे लागते.

सर्वांत फसवी गोष्ट अशी की सुरुवातीला त्या बाईला काहीच होत नाही. ती जेवते, झोपते, कामे करते. रक्तदाब १५०/१०० असलेली मुलगी दवाखान्याच्या बाकावर हसत बसलेली असते, आणि भरती व्हा म्हटले की घरच्यांचा विश्वास बसत नाही.

बाळाचे पोषण कोठे अडते?

पोटातल्या बाळाला अन्न आणि प्राणवायू वारेतून मिळतो. गर्भ राहिल्यावर पहिल्या चार-पाच महिन्यांत वार गर्भाशयाच्या भिंतीत नीट रुजते आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या चांगल्या रुंद होतात. या आजारात, विशेषतः तो लवकर सुरू होणारा असेल तर, त्या रक्तवाहिन्या हव्या तेवढ्या रुंद होत नाहीत. शेतकरी वाचकांना हे चटकन समजेल. विहिरीला पाणी आहे, मोटर चालू आहे, पण पाटाचे तोंडच अरुंद राहिले, तर शेवटच्या वाफ्यातले पीक सुकते. इथे आई व्यवस्थित जेवत असली तरी बाळापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. अशी वार आईच्या रक्तात काही द्रव्ये सोडते, त्यांनी आईच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते आणि तिचा रक्तदाब चढतो. म्हणजे आईचा आजार आणि बाळाची उपासमार यांचे मूळ एकाच जागी असते.

बाळावर याचे परिणाम दोन वाटांनी होतात. पहिली वाट म्हणजे बाळाची वाढ खुंटते. दिवस पूर्ण भरूनही ते दोन-सव्वादोन किलोचेच जन्मते. अडीच किलोच्या खालचे बाळ कमी वजनाचे मानले जाते. दुसरी वाट म्हणजे आईचा जीव वाचवण्यासाठी बाळंतपण वेळेआधी करावे लागते. काही बाळांच्या वाट्याला दोन्ही येते. क्वचित वार बाळंतपणाआधीच सुटते, पोटात असह्य कळ येते, रक्तस्राव होतो आणि काही मिनिटांत बाळ दगावू शकते.

बाळाची वाढ खुंटते आहे हे कळायला सोनोग्राफी लागतेच असे नाही. नर्सबाई टेप लावून पोटाची उंची मोजतात. पाचवा महिना उलटल्यावर ती सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांच्या आकड्याइतकी भरते. ३२ आठवड्यांना २७-२८ सेंटिमीटरच भरली, तर पुढची तपासणी करायला हवी. ही साधी टेप पुष्कळदा लावलीच जात नाही. बाईंनी लावली नाही तर आपण होऊन विचारावे, त्यात संकोच कसला?

इथे एक खोडसाळ समजूत खोडून काढली पाहिजे. "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, बाळंतपण जड जाईल," असे सांगून काही घरांत शेवटच्या महिन्यांत सुनेच्या ताटातली भाकरी कमी केली जाते. वारेने आधीच हात आखडता घेतलेला असताना घराने ताटही आखडते घेतले, तर त्या बाळाने काय करावे?

सूज, मीठ आणि खरा आकडा

पायावर सूज आली की शेजारपाजारच्या बायका म्हणतात, "होतंच असं, बाळ झालं की उतरेल." अर्धे खरे आहे. शेवटच्या महिन्यांत संध्याकाळी घोट्यांवर सूज येणे बऱ्याच निरोगी स्त्रियांतही दिसते आणि सकाळपर्यंत ती ओसरते. पण सूज तोंडावर, डोळ्यांखाली, हातावर आली, बांगडी किंवा अंगठी एकदम घट्ट झाली, आठवड्यात एक-दोन किलो वजन वाढले, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजला पाहिजे. उलट सूज अजिबात नसतानाही आजार असू शकतो. सुजेवर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

मिठाचेही तसेच. एके काळी डॉक्टरच अशा स्त्रियांना अळणी जेवण सांगत. मीठ तोडल्याने हा आजार टळत नाही असे आता स्पष्ट झाले आहे. पापड-लोणची ताटात बेताची असावीत हे सगळ्यांनाच लागू आहे, पण गरोदर बाईला अळणी भाजी देऊन तिची भूक मारू नये. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या दुकानातून आणून सूज उतरवणे तर सरळसरळ धोक्याचे.

विसंबायचे ते मोजमापावर. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे. बसस्टँडवरून उन्हात चालत आलेल्या बाईचा लगेच मोजलेला रक्तदाब खरा नसतो. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात हृदयाच्या पातळीत. १४०/९० किंवा जास्त आला तर चार तासांनी पुन्हा मोजतात. १६०/११० आला तर मात्र चार तास थांबायचे नसते, लगेच उपचार सुरू करावे लागतात. लघवीतील प्रथिने पट्टी बुडवून मिनिटाभरात कळतात. पूर्वी परीक्षानळीत लघवी तापवून बघत; प्रथिने असली की उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा गढूळपणा येई. पट्टी नसेल तिथे ती जुनी पद्धत आजही चालते.

आता कार्डाचे महत्त्व पाहा. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत रक्तदाब मुळातच थोडा उतरतो. समजा, एका मुलीचा पाचव्या महिन्यात ९६/६० होता. आठव्या महिन्यात माहेरी आल्यावर तो १३०/८६ भरला. नव्या दवाखान्यात हा आकडा १४०/९० च्या आत आहे म्हणून तिला महिन्याभराने बोलावतील. जुना आकडा समोर असता तर तिला चार-आठ दिवसांत परत बोलावले असते, लघवी तपासली असती. कार्ड सापडत नसेल तर निदान सासरच्या आशाताईंना फोन करून आकडे विचारून घ्यावेत. आज प्रत्येक घरात मोबाईल आहे, कार्डाचा फोटो काढून ठेवायला कितीसा वेळ लागतो?

हीच गोष्ट ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांची. दसरा-दिवाळीच्या सुमारास ती गाव सोडतात आणि गरोदर बाई फडावर पोहोचते तेव्हा तिची नोंद मागे गावातच असते. तिचे तर माहेरही सोबत नसते. मुकादमाच्या उचलीचा हिशेब जसा वहीत बरोबर नेला जातो, तसे हे कार्डही गाठोड्यात गेले पाहिजे.

या खुणा दिसल्या तर रात्रीची सकाळ करू नये

सतत ठणकणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा अंधारी येणे, बरगड्यांखाली उजव्या बाजूला किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, शेवटच्या महिन्यांत नव्याने सुरू झालेल्या उलट्या, लघवी कमी होणे, दम लागणे आणि बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी होणे. पोटाच्या वरच्या भागात दुखले की घरात 'पित्त झालं' म्हणून सोडा किंवा गोळी दिली जाते. आठव्या महिन्यातल्या बाईचे असे पित्त रक्तदाब मोजल्याशिवाय पित्त समजू नये.

यापुढची पायरी म्हणजे झटके, ज्याला आपण आकडी म्हणतो. बाईचे डोळे फिरतात, अंग ताठ होते, दातखीळ बसते, शुद्ध जाते. बाधा झाली, बाहेरचे लागले असे म्हणून अंगारा लावण्यात, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात जो वेळ जातो, तो आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततो. अशा वेळी तिला डाव्या कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, पाणी काहीही घालू नये, पडून लागणार नाही एवढे पाहावे आणि १०८ ला फोन करावा. झटके बाळंतपणाआधी, कळांमध्ये किंवा बाळंतपणानंतरही येऊ शकतात.

यावर उत्तम औषध आहे आणि ते महाग नाही. मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन. २००२ साली ३३ देशांतील १०,००० हून अधिक स्त्रियांवर केलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रीएक्लॅम्पसिया असलेल्या स्त्रियांना हे इंजेक्शन दिल्याने झटके येण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. इंजेक्शन बरेच दुखते, अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटते आणि मग नातेवाईक नर्सबाईंवर चिडतात. त्यांनी चिडू नये. मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी दिलेला पहिला डोस वाटेतले झटके टाळतो.

सातव्याचे की आठव्याचे?

या आजारावर मुळापासून उपाय एकच, तो म्हणजे बाळंतपण. वार बाहेर पडल्यावर रक्तदाब उतरणीला लागतो. गोळ्यांनी रक्तदाब आटोक्यात राहतो, पण आजार जात नाही. इथे डॉक्टरांपुढे खरा पेच पडतो. बाळाला आणखी काही आठवडे पोटात राहायला हवे असते आणि आईच्या शरीराला तो भार पेलवेनासा झालेला असतो. रक्तदाब आटोक्यात असेल तर साधारण ३७ आठवड्यांपर्यंत वाट पाहतात. आजार तीव्र असेल तर ३४ आठवड्यांनंतर सहसा थांबत नाहीत, आणि आईचा जीव धोक्यात असेल तर त्याहीपूर्वी बाळंतपण करावे लागते.

आणि नेमक्या याच क्षणी घरातल्या आजी आडव्या येतात. "सातव्या महिन्याचं मूल जगतं, आठव्याचं जगत नाही. नववा लागू द्या." ही समजूत महाराष्ट्रात घरोघरी आहे. ती साफ चुकीची आहे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाची फुप्फुसे पक्की करतो, म्हणून आठव्या महिन्याचे बाळ सातव्या महिन्याच्या बाळापेक्षा नेहमीच सरस असते. आठवा आहे म्हणून थांबणे आणि त्यात आईला झटके येणे, यात दोघांनाही गमावण्याची भीती असते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा पहिला शत्रू म्हणजे श्वास. फुप्फुसांचे बारीक फुगे उघडे ठेवणारे एक साबणासारखे द्रव्य त्यांच्यात पुरेसे तयार झालेले नसते. यावरचा उपाय मेंढीच्या कोकरांनी दाखवला. न्यूझीलंडमधील लिगिन्स हे डॉक्टर बाळंतकळा कशा सुरू होतात याचा मेंढ्यांवर अभ्यास करीत होते. स्टेरॉइड दिलेली कोकरे दिवस भरण्याच्या कितीतरी आधी जन्मूनही श्वास घेत आहेत असे त्यांना दिसले. १९७२ साली त्यांनी आणि हॉवी यांनी गरोदर स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. तेच इंजेक्शन आज ३४ आठवड्यांच्या आत बाळंतपण होण्याचा संभव असेल तर आईला देतात. आपल्याकडे डेक्सामेथासोनचे चार डोस बारा-बारा तासांनी दिले जातात. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या इंजेक्शनाने दर १०० बाळांमागे दगावणाऱ्यांची संख्या २३-२४ वरून २० पर्यंत खाली आली. त्याचा पुरेसा परिणाम व्हायला मात्र सुमारे एक दिवस लागतो. बाई दवाखान्यात एक दिवस आधी पोहोचणे याला म्हणूनच इतकी किंमत आहे.

असे बाळ जन्मल्यावर त्याची साखर उतरते, अंग गार पडते, कावीळ वाढते, जंतुसंसर्ग पटकन होतो. काहींचे रक्त दाट असते, काहींच्या बिंबिका कमी असतात. १८०० ग्रॅमच्या आतले किंवा ३४ आठवड्यांच्या आतले बाळ जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशूंच्या विशेष कक्षात ठेवावे लागते. त्याहून थोडे मोठे, पण अशक्त बाळ घरी आले की त्याचे तीन नियम: ऊब, आईचे दूध, स्वच्छ हात. पहिला पिवळसर चीक फेकून देणे म्हणजे बाळाची पहिली लस फेकून देणे. ओढण्याची ताकद नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने दर दोन तासांनी पाजावे. मध, गुटी, साखरेचे पाणी, काही नको. आंघोळीची घाई नको आणि बाजेखाली शेगडीही नको. धुराने त्याचा श्वास अडतो आणि भाजण्याची भीती वेगळीच.

शेगडीपेक्षा चांगली ऊब आईच्या छातीची. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून उघड्या छातीशी उभे धरायचे आणि वरून पातळ किंवा ओढणी घट्ट बांधायची. ही कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात रे या डॉक्टरांनी पेट्या अपुऱ्या पडत म्हणून सुरू केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मल्याबरोबर अशी ऊब दिलेल्या लहान बाळांचे मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी झाले. त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. आई थकली तर बाप, आजी कोणीही बाळाला असे धरू शकते. बाप लाजतात, पण एकदा धरले की सोडत नाहीत!

घरच्या घरी नीट काळजी घेतली तर काय होऊ शकते हे आपल्याच गडचिरोलीने दाखवून दिले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच, बेताचे शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्या गावांतील नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला होता. आज आशाताई घरी येऊन बाळाचे वजन करतात, तापमान बघतात, ते याच वाटेवरून. त्यांना ओसरीवरून परत पाठवू नये.

टाळता येईल का?

काही प्रमाणात येते. पहिले गरोदरपण, जुळे, आधीच्या खेपेला हाच त्रास, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, आधीपासून रक्तदाब, जास्त वजन, पस्तिशीनंतरचे गरोदरपण, आई किंवा बहिणीला हा आजार झालेला असणे, यांत धोका वाढतो. धोका जास्त वाटल्यास डॉक्टर तिसरा महिना संपताना ॲस्पिरिनची लहान मात्रा सुरू करतात. १६ आठवड्यांच्या आत सुरू केली तर तिचा जास्त उपयोग होतो, म्हणून नाव लवकर नोंदवणे आले. ही गोळी आपल्या मनाने घेऊ नये. आधीपासून रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती कोणती हे गर्भ राहताच दाखवावे. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे बाळाला घातक असतात. डॉक्टर ती बदलून देतात.

चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज मिळतात. ज्यांच्या जेवणात दूधदुभते, नाचणी, तीळ कमी असते, त्यांच्यात या गोळ्यांनी प्रीएक्लॅम्पसियाचा धोका कमी होतो. त्या जेवणानंतर घ्याव्यात आणि लोहाच्या गोळीसोबत घेऊ नयेत, मध्ये दोन तासांचे अंतर असावे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि आजारी बाळाचे उपचार यांना पैसे पडत नाहीत. ने-आण करण्यासाठी १०२ ची गाडी आहे.

बाळ झाले म्हणजे सुटलो असेही समजू नये. रक्तदाब बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा वर जाऊ शकतो, तेव्हा बहुतेक जणी घरी गेलेल्या असतात. त्या आठवड्यात तो मोजून घ्यावा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा एकदा. ज्यांना हा आजार झाला त्यांना पुढील आयुष्यात रक्तदाब आणि हृदयविकार होण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून वर्षातून एकदा तपासणी करावी. पुढच्या खेपेला दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत "मागच्या वेळी मला बीपी होतं" एवढे सांगितले, तर ॲस्पिरिनची वेळ चुकणार नाही.

(पुढील आठवड्यात : गरोदरपणातील मधुमेह)